खण सातवा

मे महिना. अजब बंगल्यात कूलर नुसता खडखडतो,
वाळ्याचा वास येतो, गारवा नाही.
इंग्रजी चिठ्ठ्या काढून मराठी लावायच्या,
एका चिठ्ठीला अकरा रुपये, शुद्धलेखनासह.
मूर्तींचं सोपं गेलं. विष्णू. द्वारपाल. मस्तक नसलेली स्त्री.
मग खण सातवा:
सहा तांब्याची पाती, हिरवी पडलेली,
दांडे कधीच कुजून गेले,
आणि खाली कुणा साहेबाच्या तिरक्या अक्षरात
एकच शब्द.

मी लिहिलं, केल्ट.
तोंडखुरे सरांनी खोडलं. सेल्ट.
पण ते युरोपातले लोक, ते केल्टच ना?
ते लोक वेगळे, सर म्हणाले, ही कुऱ्हाड वेगळी.
स्पेलिंग एक, नातं नाही.
माळ गळ्यातली आणि माळ रानातला, तसं.
आणि डबा उघडून जेवायला बसले.

रात्री सक्करदऱ्याच्या खोलीत
पंख्याखाली मी तो शब्द उकरत बसले.
ग्रीकांनी पलीकडच्या मुलखातल्यांना लिहिलं, केल्टोई.
अर्थ? एक पंडित म्हणतो, उंच.
दुसरा म्हणतो, लपलेले.
तिसरा म्हणतो, मारणारे.
म्हणजे लांबून पाहिलेला
कुणीही माणूस.
ते स्वतःलाच असं म्हणवतात,
असं एक सेनापती लिहितो. तोही रोमन,
तोही त्यांना मारायलाच आलेला.
आणि ज्या बेटांवर आज हा शब्द
पाट्यांवर, अंगठ्यांवर मिरवतो,
तिथल्यांना त्या काळी कुणी या नावानं
हाक मारल्याची नोंद नाही.
फार उशिरा कुणी भाषांची कुळं लावली
आणि नाव त्यांच्या ओटीत घातलं.

कुऱ्हाडीचं तर त्याहून विचित्र.
लॅटिन बायबलात एक पोळलेला माणूस म्हणतो,
माझे शब्द खडकात कोरले जावोत, केर्ते,
म्हणजे नक्की.
नकलनविसाचा दिवा फडफडला असेल,
डास चावला असेल. एक अक्षर हललं:
केल्ते.
असा शब्दच नव्हता.
वाचणारे शहाणे. खडक आहे, कोरणं आहे,
म्हणजे ही छिन्नीच असणार, म्हणाले.
अशी ती छिन्नी जन्मली, लोहाराशिवाय.
(यावरही भांडणं आहेत. असू देत.)

मराठी येत असती त्या बिचाऱ्याला
तर त्यानं लिहिलं असतं, खचित.
नक्की, आणि जडवलेलं,
दोन्ही एकाच शब्दात.
चूक झाली नसती,
किंवा झालेली कळली नसती.

सकाळी सुकलाल उईके चाव्या घेऊन आला.
काच पुसता पुसता त्यानं सगळं ऐकून घेतलं.
"आमच्या गावाकडं याले टंग्या म्हणते बाई.
एवढं काहून शोधाले लागते?"
मी विचारलं, आणि गोंड म्हणजे काय हो?
"ते लोकं म्हणते आमाले. आमी कोया."
म्हणजे?
"म्हणजे माणूस. दुसरं काय राहीन?"
उंच नाही? लपलेले नाही?
फडका पिळत तो हसला.
"लपाले जागा कुठं ठेवली."

मी चिठ्ठी लिहिली:
पातं. तांबं. ज्यांनी घडवलं
ते याला काय म्हणत, माहीत नाही.
स्वतःला काय म्हणत, तेही नाही.

सर म्हणाले, एवढी जागा नसते.
तर आता तिथे आहे: सेल्ट, तांबे.
अकरा रुपये मिळाले.

माझी चिठ्ठी मी
तिसऱ्या पात्याखाली उपडी सरकवली.
उईकेनं पाहिलं. काही बोलला नाही.
खण लावला,
आणि नीट बसला का म्हणून
दोनदा ओढून पाहिला.